पाणी काढलेली भाजी

१४ ऑक्टो., मंगळवार

दुधीचा वेल आज उपटला. सगळी फुलं नर, पानं पिवळी. बी आक्कांचं. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आईच्या मागं ह्यांना तिनंच वाढवलं, तेव्हा तिचं बी येत नाही असं या घरात म्हणायची सोय नाही. हे व्हरांड्यातून बघत होते. म्हणाले, "कडेगावात ह्याच बियाचा दुधी मांडीएवढा हुतो."

मग राहायचं होतं कडेगावात. ओठांवर आलेलं गिळलं.

कडेगावात राहता येत नाही म्हणून तर इथं आलो. ह्यांच्या किडन्या गेल्यापासून दिवसाला लिटरभर पाणी, त्यातच चहा, त्यातच आमटी. तिथल्या उन्हात ते दुपारच्या आतच संपायचं आणि मग नुसते ओठ चाटत बसायचे. सांगलीत विश्रामबागला माझ्या माहेरी राहून बघितलं, तिथंही तेच. थंडीत तहान कमी लागते म्हणून मुलानं, अमोलनं, हे मित्राचं घर मिळवून दिलं. पाचगणीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. मागं चार वाफे. सोम-गुरु साताऱ्याला डायलिसिस (डाय.), बाकीचे दिवस मी, हे आणि वाफे. अमोल पुण्यात. रविवारी फोन.

१७ ऑक्टो.

काय लावायचं ठरत नाही. थंडीला जे मानवतं ते नेमकं ह्यांच्या रक्ताला मानवत नाही. पालक, बीट, बटाटा, वाटाणा इथं नुसतं फेकलं तरी येईल. ह्यांना ते विष. पोटॅशियम. दुधी, दोडका, पडवळ ह्यांना चालतात तर ते इथं येत नाहीत. वांग्याला फूल धरतं आणि धुक्यानं गळतं. उरलं काय? कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, ढोबळी.

आमच्या हवालदारसाहेबांना कोबी म्हणजे पलटणीतली मेस. "वीस वर्सं खाल्लाय सरकारचा, आता पेन्शनीत पण कोबीच?"

हसले मी. बऱ्याच दिवसांनी.

२० ऑक्टो., सोम.

डाय.हून येताना वाईला बियाण्याच्या दुकानात. हे गाडीतच, मान टाकून. दुकानदार म्हणाला, कोबी लवकरचा देऊ का उशिराचा? उशिराचा गड्डा मोठा येतो, चपटा, जास्त टिकतो. लवकरचा लहान.

लवकरचा घेतला. का, ते मनातही म्हटलं नाही.

मुळा पांढरा लांब. नवलकोल फिकट हिरवा, जांभळा होता पण तो निबर होतो म्हणे. फ्लॉवरची रोपं लता देणार आहे. लता शेजारची, तिची स्ट्रॉबेरी आहे खालच्या टप्प्यावर. बोलकी आहे, पण ह्यांच्याबद्दल विचारत नाही, म्हणून मला आवडते.

२३ ऑक्टो., भाऊबीज

नेमका गुरुवार आला. आक्कांचा गुडघा सुजलाय, आल्या नाहीत. फोनवरून ओवाळलं. ह्यांनी मशीनवर पडल्या पडल्या फोन कपाळासमोर धरला, तिकडं आक्का ताट फिरवत होत्या. शेजारच्या खाटेवरची बाई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. नर्सनं पडदा ओढला.

आक्का म्हणाल्या, "जयवंता, वाळलास रं. शोभा काय घालती का न्हाई खायला?"

घालते आक्का. घालते आणि पाणी काढते.

२६ ऑक्टो.

आज ह्यांनी स्वतःहून मागणी केली. कधी नव्हे ते. "भोगीला तरी सगळं असू दे. बटाटा, पावटा, गाजर, घेवडा. आपल्या वाफ्यातलं."

नाही म्हणणार होते. मग म्हटलं, बारीक चिरून, गरम पाण्यात भिजवून, दोनदा उकळून पाणी काढून टाकलं तर एक वाटी चालेल. आहारवाल्या मॅडमनी तसं सांगितलंय, पोटॅशियम पाण्यात उतरतं म्हणे. चव जाते, पण नाव तर भोगीची भाजी राहील.

चौथा वाफा भोगीचा. पावटा वालासारखा वेल घेतो, बुटका घेतला. गाजर लाल लांब नको, ही माती आत दगडाळ, म्हणून आखूड केशरी. पेरताना बरं वाटलं. ह्यांच्या तोंडाला पाणी सुटावं म्हणून पेरायचं आणि मग तेच पाणी काढून टाकायचं. काय धंदा आहे.

८ नोव्हें.

गवा आला होता पहाटे. कोबीच्या दोन ओळी साफ. पायाचे ठसे परातीएवढे. लता म्हणाली, "काय करणार काकू, त्याला पण थंडीत हिरवं पायजेच." तिला काय, तिची जाळी आहे.

हे म्हणाले, "गव्यानं मेसचा भत्ता उचलला." आणि आनंदानं चहा प्यायले. पाव कप.

२ डिसें.

थंडी वाढली. सकाळी गवतावर पांढरं पडतं. मुळा गोड झालाय. घेवड्याची पानं करपली. भोगीच्या वाफ्यावर जुनी मच्छरदाणी टाकली. लता म्हणाली असं कुणी करत नाही. करत नसेल.

ह्यांचं वजन कमी. कमी झालं ते मांस आणि वाढलं ते पाणी, डॉक्टर म्हणाले. गणित मला कळतं, ऐकायला नको वाटतं.

१९ डिसें.

पहिला कोबी. मुठीएवढा, घट्ट, पानावर दव. मला फार अप्रूप वाटलं. चिरला, भिजवला, उकळला, पाणी काढलं, बिनमिठाची फोडणी. ताट पुढं ठेवलं.

"काय गं ही भाजी. भिजलेला कागद खाल्ल्यागत लागतंय." ताट सरकवलं.

रागानं मी उरलेली सगळी भाजी स्वतः खाल्ली. खरंच कागद.

२८ डिसें., रवि.

व्हरांड्यात ऊन आलं होतं. सोयाबीन तेलाच्या डब्यात लावलेल्या कोथिंबिरीला हे बोट लावत बसले होते. म्हणाले, "मशीन बंद करूया का?"

मी ऐकलं नाही असं केलं. पुन्हा म्हणाले. आवाज चढवला नाही, रडले नाहीत. दुकानदाराला विचारावं तसं.

म्हटलं, बंद केलं तर किती दिवस ते माहीत आहे ना?

"म्हाईत हाय. खाऊन तरी मरू की."

म्हटलं, अमोलशी बोला. म्हणाले, "त्याच्याशी काय बोलायचं. तुझ्याशी बोलतोय." मी उठून वाफ्यात गेले. काही करायचं नव्हतं तिथं. नवलकोलाला पुन्हा माती लावली.

संध्याकाळी म्हणाले, "जाऊ दे. बोललो असंच." मी म्हटलं, असं असंच बोलत नाही कुणी.

११ जाने., रवि.

आक्का आल्या. एसटीनं वाईपर्यंत, तिथून वडापची जीप. गुडघा सुजलेला, पिशव्या तीन. ओले हरभरे, बोरं, तीळ, बाजरीचं पीठ, वांगी कृष्णेच्या काठची. ह्यांना बघून दारातच बसल्या. "आरं लेकरा." एवढंच. मग पदर तोंडाला.

ह्यांना मी इतकं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं. आक्कांच्या मांडीशी टेकून बसले. बासष्टीचा माणूस.

१२ जाने., सोम.

डाय. आक्का बरोबर आल्या होत्या, बाहेर बाकावर जप करत बसल्या. येताना गाडीत मी पुन्हा सांगितलं, पथ्य काय आहे ते. बटाटा, टोमॅटो, पालेभाजी, डाळ, नारळपाणी, सगळं. त्या व्हय व्हय म्हणत होत्या. त्यांच्या लेखी पथ्य म्हणजे तेल-तिखट कमी. बाकी सगळं डॉक्टरांचं फॅड.

१३ जाने., मंगळ., भोगी

सकाळी वाफ्यातून सगळं काढलं. बटाटे लिंबाएवढे, पण निघाले. पावटा ओंजळभर, गाजरं, मच्छरदाणीखालचा घेवडा. आक्कांची वांगी, हरभरा. हे खुर्ची ओढून बघायला बसले होते. डोंगरावर आल्यापासून पहिल्यांदा त्यांचं लक्ष वाफ्यात होतं.

चिरलं, भिजवलं, उकळलं, पाणी पातेल्यात काढलं. पुन्हा उकळलं, पुन्हा काढलं. ते पाणी मी गार करून वाफ्याला घालते, मातीला चांगलं. आक्का शेजारी उभ्या. "एवढं सत्त्व काढून टाकतीस? मग ऱ्हायलं काय त्यात?"

म्हटलं, जे राहतं तेवढंच ह्यांना चालतं.

"जो न खाई भोगी तो सदा रोगी. आपल्यात म्हणत्यात ते काय येड्यानं म्हटलंय?"

भांडले नाही. सणाचं. त्या म्हणाल्या, "तू डोक्यावरनं न्हाऊन घे, भोगीचं न्हायचं अस्तंय. मी बगते हितलं." बंब तापायलाच तासभर जातो. न्हाऊन आले तोवर त्यांचं ह्यांना वाढूनही झालं होतं. बाजरीची भाकरी अख्खी संपली होती. मला खरं वाटेना. ह्यांच्या कपाळावर घाम. जेवून घाम आलेला माणूस मी दोन वर्षांनी बघितला.

आक्कांच्या हाताला गुण आहे, मान्य. थोडा मत्सरही वाटला. पाण्याचं पातेलं रिकामं, घासून पालथं घातलेलं. आक्कांनी वाफ्याला घातलं असणार.

१४ जाने., बुध., संक्रांत

वाईला गेले. उन्हाळ्याच्या वाफ्यांचं बी बघायचं होतं, आणि आक्कांना चोळीचा खण. श्रावणघेवडा घेतला, बुटका, थंडीतही उगवणारा. हिरवी शेंग उकळून ह्यांना चालते. काकडी लहान हिरवी. दुकानदार ओळखायला लागलाय.

आले तर हे झोपलेले. आक्का म्हणाल्या, आजपण पोटभर जेवला. तिळगूळ घेतला नाही म्हणाल्या, गोड नको म्हणाला. पाय जड वाटतायत एवढंच.

१५ जाने., गुरु.

सकाळी ह्यांना उठवत नव्हतं. पाय उचलेनात. जीभ जड. लताच्या दिराची स्ट्रॉबेरीची गाडी, मागं गादी टाकून. घाटात ह्यांची नाडी बघत होते आणि मधेच सापडेना.

थेट आत. तारा, सुया, मशीन. डॉक्टर बाहेर आले ते ओरडतच. "काय खायला घातलंत? पोटॅशियम कुठं गेलंय बघा. हृदय थांबलं असतं."

म्हटलं, भोगीची भाजी, दोनदा पाणी काढून.

"आणि ते पाणी?"

वळून आक्कांकडं बघितलं. त्या बाकावर, हातात मीठ-मोहऱ्यांची पुरचुंडी. मी विचारलं, आक्का, परवाचं ते पातेल्यातलं पाणी कुठं गेलं?

"आमटी केली की. येळवणी टाकत्यात व्हय कवा? पुरणाची टाकतो का आपण? मसाला घालून, खोबरं भाजून. किती आवडीनं प्याला. काल शिळी तर आणिकच गोड लागली त्याला." आणि मग, "दिष्ट लागली बघ. एवढा जेवला म्हणून लागली. तू कुणाला बोललीस का?"

डॉक्टर माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, नाही आक्का, कुणाला नाही बोलले.

१६ जाने.

आहेत. शुद्धीवर आहेत. आक्कांनी बाहेरूनच दृष्ट काढली, वॉचमन ओरडला. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. ह्यांनी माझा हात धरून पहिलं काय म्हटलं तर, "आक्काला सांगू नगंस."

म्हटलं, न सांगून कसं चालेल, त्या पुन्हा करतील.

"सांगितलंस तर ती अन्न सोडंल. म्हाईत न्हाई तुला ती." डोळे मिटले.

खरं आहे. सोडतील.

१९ जाने., सोम.

घरी. आक्का काल गेल्या, गुडघ्याचं निमित्त, मीच एसटीत बसवून दिलं. जाताना म्हणाल्या, "शोभा, त्याला आमटी देत जा गं अधनंमधनं. तेवढ्यानंच तरतरी आली हुती." माझ्या हातात मसाल्याची पुडी.

व्हय म्हटलं. पुडी कपाटात आहे. टाकवत नाही.

२४ जाने.

आक्कांचा फोन. ह्यांची चौकशी. मग हसत म्हणाल्या, "लबाड हाय तुझा नवरा. मला म्हणला, आमटी शोभाला दावू नगं, ती वरडंल. दुसरी वाटी मागून घेतली. बुधवारी तू वाईला गेलीस तवा म्हणला, ती जायच्या आत गरम नगं करूस, वास सुटंल."

फोन ठेवला.

आक्कांना माहीत नव्हतं. ह्यांना होतं. दोन वर्षं मी त्यांच्यासमोर पाणी काढते आहे.

विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल.

३ फेब्रु.

आज भोगीचा वाफा सगळा उपटला. उरलेले बटाटे, पावटा, घेवडा, मुळासकट. लता धावत आली, "काकू, शेंगा लागल्यात की अजून." म्हटलं, घेऊन जा. ती घमेलं भरून घेऊन गेली, एकदा मागं बघून.

उपटून काय झालं? आक्का कडेगावातून पिशवी भरून आणतील. काय लावायचं, काय नाही, हे मी ऑक्टोबरपासून ठरवते आहे, जसं काही ह्यांचं मरण वाफ्यातूनच यायचं होतं. मूर्ख बाई.

हे व्हरांड्यातून सगळं बघत होते. संध्याकाळी मुळ्याची भाजी केली, पाणी काढून. खाल्ली त्यांनी, निमूट. मेसमधल्यासारखी.

९ फेब्रु., सोम.

डाय. ठीक. रिपोर्ट ठीक. डॉक्टर म्हणाले, काकू, तुम्ही छान सांभाळताय. ह्यांनी मान हलवली.

अमोलला सांगावं का? सांगितलं तर तो गाडी काढून येईल, दोन दिवस ओरडेल आणि जाईल. नाही सांगितलं.

१३ फेब्रु., शुक्र.

परवा शिवरात्र. आक्का उद्या येतायत. मला फोन नाही, ह्यांना केला. ह्यांनी ये म्हणून सांगितलं. मला हे दुपारी कळलं, तेही ह्यांनी सहज बोलता बोलता सांगितलं म्हणून.

श्रावणघेवड्याचं पाकीट घेऊन वाफ्यात बसले होते. हे काठी टेकत टेकत आले, बांधावर बसले. ऊन होतं.

अखेर विचारलं. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं ती आमटी कशाची आहे.

"पयल्या वाटीला न्हवतं म्हाईत. तोंडात घेतली तवा कळलं."

आणि दुसरी?

"दुसरी कळून घेतली. खोटं कशाला सांगू. मरायचं म्हणून न्हवं गं. दोन वर्सात जिभेला काय लागलं न्हवतं. आईच्या हातची चव हुती ती. आईनं आक्काला शिकवली, तेवढीच ऱ्हायलीय."

मी रडत होते बहुतेक. राग होता की काय होतं कळलं नाही. म्हटलं, मरायचंच असेल तर माझ्या हातानं मरा, मी उभी राहीन बाजूला. पण त्या बिचारीच्या हातानं नको. तिला आयुष्यभर...

"न्हाई, न्हाई." हात धरला माझा. हात गार.

मग मी म्हटलं, पहिली वाटी कळायच्या आधी. दुसरी चवीसाठी. मान्य. आणि बुधवारची? मी वाईला गेले तेव्हाची?

माझ्या हातातल्या पाकिटाकडं बघत राहिले. म्हणाले, "ह्यो हिरवा तोडायचा का वाळवायचा?"

तेवढंच. घेवडा एकच. कोवळी शेंग तोडली तर पथ्याची भाजी. वाळू दिली तर दाणे, आणि दाण्याची आमटी ह्यांना विष. त्यांना माहीत आहे. मलाही.

म्हटलं, तुम्ही सांगा. पाकीट फाडलं आणि बी त्यांच्या तळव्यावर ओतलं. वाफा ओला होता, ओळी पाडलेल्या होत्या.

आत येऊन चहा ठेवला, खिडकीतून बघितलं. अजून तिथंच आहेत. मूठ मिटलेली, मांडीवर. पेरलंही नाही, परतही आणून दिलं नाही.